टक्के सगळ्यांनी विचारले, काम होतंय का ते कुणी विचारलंच नाही

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

राज्याचं दिव्यांगांचं अनुदान महिन्याला १५०० रुपयांवरून २५०० झालं आणि ते ऑक्टोबर २०२५ पासून लागू केलं, ही बातमी पेपरात आली आणि त्या दिवसापासून आमच्या गल्लीतली, मागच्या वसाहतीतली, नणंदेच्या सासरकडची कोण ना कोण माणसं हातात कागद घेऊन माझ्याकडे येतात. मी सरकारी माणूस नाही, वकील नाही, घरात बसून ब्लाऊज शिवते आणि साड्यांना फॉल-पिको करते. पण मिस्टरांच्या आजारपणात तीन वर्षं जे हेलपाटे घातले त्यातून हे सगळं एकेक करत कळत गेलं, आणि दर वेळी वाटलं की हे आधी कुणी सांगितलं असतं तर निम्मे दिवस आणि निम्मे पैसे वाचले असते. म्हणून हे पत्र. लांबलंय, पण जमलं तर सगळं छापा.

आमचं गाव यंत्रमागाचं. मिस्टर वयाच्या सतराव्या वर्षापासून मागावर, बारा तासांची पाळी, आठवड्याला पगार, काम केलं तर पैसे नाहीतर नाही. २०२२ च्या श्रावणात रात्रपाळीवरून आले, चहाचा कप उचलायला गेले आणि कप हातातून निसटला, तोंड वाकडं झालं, शब्द अडकायला लागले. पक्षाघात. उजवी बाजू गेली. वय तेव्हा ४४. सोळा दिवस दवाखाना, माझे कानातले गेले, भावाची उसनवारी झाली, मग घरी मालिश आणि व्यायाम. सहा-सात महिन्यांनी काठी घेऊन चालायला लागले, बोलणंही बरंच सुधारलं. लांबून बघणाऱ्याला वाटतं बरा झाला की हा माणूस. पण उजव्या हाताची बोटं मिटली ती मिटलीच.

आता हे मागावरच्या माणसालाच कळेल, ताण्याचा धागा तुटला की माग थांबवून वाकायचं, दोन बोटांत दोन टोकं धरायची आणि एका झटक्यात गाठ मारून माग परत सोडायचा, एका पाळीत हे किती वेळा होतं त्याचा हिशोब नाही. मिस्टर घरी आल्यावर खाटेच्या पायाला सूत बांधून बसायचे. रोज सकाळी, मुलं शाळेत गेली की. डाव्या हाताने एक टोक धरायचं, उजव्या हाताची बोटं डाव्याने उघडून त्यात दुसरं टोक ठेवायचं, आणि ते टोक सुटून खाली पडायचं. महिनाभर केलं असेल. मग एक दिवस ते सूत सोडून, गुंडाळून माझ्या मशीनच्या खणात ठेवून दिलं. काही बोलले नाहीत. मी पण विचारलं नाही.

हे सांगायचं कारण असं की यानंतर आम्ही जिथं जिथं गेलो तिथं एकच प्रश्न होता, अपंगत्व किती टक्के? चाळीसच्या वर आहे का? ऐंशीच्या वर आहे का? दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव आहे का? उत्पन्न किती? हा माणूस जे काम करून घर चालवत होता ते काम त्याच्याकडून आता होतं का, हा प्रश्न सरकारी टेबलावर एकदाही कुणी विचारला नाही. आणि माझ्या मते सगळ्या घोळाचं मूळ तिथंच आहे.

सुरुवात अपंगत्वाच्या सर्टिफिकेटपासून करते, कारण ते नसेल तर पुढचं काहीच होत नाही. मिस्टर आधी तयारच नव्हते. मी अपंग नाही, मी बरा होणार आहे, तू कशाला माझ्यावर शिक्का मारून घेतेस, असं म्हणून त्यांनी पाच महिने विषय काढू दिला नाही. मला आता जे भेटतात त्यांच्या घरीही हेच असतं. त्यांना मी सांगते की सर्टिफिकेट काढलं म्हणजे बरं व्हायचं थांबत नाही, सुधारणा होण्यासारखी असेल तर सुरुवातीला तात्पुरतंच देतात, मुदत संपली की परत तपासतात, सुधारणा झाली तर टक्के कमी होतील, त्यात वाईट काय आहे. दिव्यांग म्हणा अपंग म्हणा, शब्दाचं मला काही नाही, पण तो कागद वेळेत काढा. पक्षाघात असेल तर डॉक्टर काही महिने थांबायला सांगतात कारण शरीर सुधारत असतं, पण त्या काळात सगळे रिपोर्ट, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, स्कॅनच्या फिल्म नीट जपून ठेवा, आमची एक फिल्म उन्हाने चिकटून खराब झाली आणि त्यावरून एक चक्कर वाया गेली.

अर्ज ऑनलाइन करायचा, स्वावलंबन कार्डच्या केंद्र सरकारच्या पोर्टलवर. त्यालाच युडीआयडी म्हणतात. आधार, फोटो, पत्ता भरायचा, जवळचं सरकारी हॉस्पिटल निवडायचं, तारीख मिळते, तिथल्या डॉक्टरांच्या बोर्डासमोर जायचं. नंतर कार्ड येतं. कार्डावर रंगाची पट्टी असते, ४० टक्क्यांच्या खाली पांढरी, ४० ते ८० पिवळी, ८० आणि वर निळी. मिस्टरांना ५५ टक्के मिळाले, म्हणजे पिवळी. बोर्डात काय झालं तर दहा पावलं चाला, हात वर करा, पेन धरा, बटण लावा. डॉक्टर चांगले होते, घाई होती पण उर्मट नव्हते, बाहेर रांग होती सत्तर-ऐंशी माणसांची, त्यात काही जण तर चादरीच्या झोळीतून आणलेले. ते बिचारे नियमाप्रमाणे सांध्यांची हालचाल, ताकद बघून आकडा काढतात. पण मिस्टर म्हणाले, साहेब, मला गाठ मारता येत नाही, तर त्या गाठीला त्या तक्त्यात रकानाच नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना सांगायची आहे. २०१६ चा दिव्यांग हक्कांचा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, आणि त्यात आधीच्या १९९५ च्या कायद्यातल्या ७ प्रकारांऐवजी २१ प्रकार आलेत. लोकांना अजून वाटतं की आंधळा, बहिरा, लंगडा म्हणजेच दिव्यांग. तसं नाहीये. मानसिक आजार त्यात आहे, पार्किन्सन आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, सिकलसेल, थॅलेसिमिया, हिमोफिलिया आहे, ॲसिड हल्ल्यात भाजलेले आहेत, बोलण्याचं अपंगत्व आहे. माझ्याकडे ब्लाऊज टाकणाऱ्या एका ताईंचा मुलगा बारा वर्षं घरातच आहे, मानसिक आजार, गोळ्या चालू, कुठंही कामाला लावला की आठवड्यात परत येतो. त्यांना माहीतच नव्हतं की त्याचंही सर्टिफिकेट निघतं. आणि बघा, मानसिक आजाराची जी मोजणी करतात त्यात स्वतःची काळजी, लोकांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, अशा चार गोष्टी धरतात. म्हणजे तिथं काम हा शब्द आहे! मग हातापायाच्या अपंगत्वात तो का नसावा, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

आता पैशांचं. आपल्याकडे काम न करू शकणाऱ्या माणसासाठी मुख्य दोन दारं आहेत, आणि लोक दोन्हीत गोंधळतात. एक केंद्राचं, इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तीवेतन, २००९ पासूनचं. त्याला ८० टक्के अपंगत्व लागतं, वय १८ ते ७९ आणि दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव. त्यात केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये, आणि तो २०१२ पासून तेवढाच आहे. तीनशे रुपयांत मिस्टरांच्या रक्तदाबाच्या गोळ्यासुद्धा येत नाहीत. दुसरं दार राज्याचं, संजय गांधी निराधार अनुदान योजना, १९८० पासूनची, त्याला ४० टक्के चालतात, वय १८ ते ६५. पासष्ट झाले की श्रावणबाळ योजनेत जातात. ज्यांना केंद्राचे ३०० मिळतात त्यांना राज्य वरची भर घालतं, म्हणजे हातात येणारी रक्कम सारखीच. आमच्यासारख्या ५५ टक्केवाल्यांना राज्याचंच एक दार.

या दाराशी गेलो तर उंबरठा उत्पन्नाचा. बाकी लोकांना वर्षाला २१ हजार आणि दिव्यांगाला ५० हजार, अख्ख्या कुटुंबाचं मिळून. पन्नास हजाराला बाराने भागा, महिना ४१६६ रुपये. कमावता माणूस अंथरुणाला खिळल्यावर घर कसं चालणार? मी मशीन घेतली, दिवाळी-लग्नसराई धरून महिन्याला सरासरी सहा हजार सुटायला लागले. तलाठी भाऊसाहेबांनी खरं तेच लिहिलं, वार्षिक ७२ हजार. अर्ज परत. कारण काय तर कुटुंबाचं उत्पन्न जास्त. दोन मुलं शाळेत, घरभाडं अडीच हजार, औषधं दीड हजार, आणि उत्पन्न जास्त!

तिथल्या तिथंच दोघांनी कानात सांगितलं, वहिनी, कमी लिहून आणा, सगळे तसंच करतात, दोन हजार द्या मी करून देतो. मी नाही केलं. खोटं लिहून मिळवलेलं पुढे कधी चौकशीत अडकलं तर वसुली लागेल याची भीती होतीच, पण त्याहून जास्त राग आला, की माझ्या नवऱ्याचा हात गेला हे खरं आहे, मी शिवण करते हे खरं आहे, मग खरं बोलून हे का मिळू नये. पुढच्या वर्षी सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मिस्टर बाथरूममध्ये पडले, माझं मशीनवर बसणं निम्म्यावर आलं आणि उत्पन्न घसरून ४८ हजारांचा दाखला निघाला. तेव्हा अर्ज मंजूर झाला. म्हणजे मी जास्त काम केलं तेव्हा नवऱ्याला मदत नाही, आणि माझं काम बुडालं तेव्हा मदत. हे ज्याने ठरवलं असेल त्याने एकदा आमच्यासारख्या घरात बसून महिन्याचा हिशोब मांडून बघावा एवढीच माझी विनंती आहे.

आणि दुसरी गोष्ट. २०२४ साली लाडकी बहीण योजना आली, मी फॉर्म भरला, मला १५०० मिळतात, त्याची मला किंमत आहे, त्याबद्दल काही तक्रार नाही. पण त्या फॉर्मला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. घर एकच, रेशनकार्ड एकच, चूल एकच. माझ्या फॉर्मला हे घर गरीब आणि मिस्टरांच्या फॉर्मला हेच घर पैसेवालं. अडीच लाख तिथं चालतात तर पक्षाघात झालेल्या माणसाला पन्नास हजारांची अट कशाला? रक्कम २५०० केली ते फार चांगलं केलं, मनापासून सांगते, आमच्या घरात त्याने फरक पडलाय. पण उंबरठा तेवढाच उंच ठेवला तर आत येणार कोण?

रक्कम वाढली त्यामागे पण एक हक्क आहे, तो उपकार नाही, हे लोकांना कळावं म्हणून लिहिते. २०१६ च्या कायद्याच्या २४ व्या कलमात स्पष्ट आहे की सारख्या योजनेत इतरांना जेवढं मिळतं त्यापेक्षा दिव्यांगांना किमान २५ टक्के जास्त द्यायचं. म्हणजे इतर निराधारांना १५०० असतील तर दिव्यांगाला निदान १८७५ तरी हवेत. पण कायदा लागू होऊन आठ वर्षं झाली तरी २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत दोघांना सारखेच १५०० होते. किती माणसं आंदोलनात उतरली, उपोषणाला बसली तेव्हा हे हललं. त्या लोकांचे आम्ही घरी बसून आभार मानतो.

आता कागद कुठले लागतात ते सांगते कारण विचारणारे हेच विचारतात. युडीआयडी कार्ड किंवा सर्टिफिकेट, आधार, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, महाराष्ट्रात निदान १५ वर्षं राहत असल्याचा रहिवासी दाखला, वयाचा पुरावा, बँक पासबुक, फोटो. अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत किंवा सेतूतून. दिल्यावर पोच घ्याच, पोच म्हणजे जीव आहे, आमचा पहिला अर्ज मिळतच नाहीये म्हणाले तेव्हा पोचेवरच्या तारखेमुळे तो कपाटात सापडला. मंजुरी तालुक्याच्या समितीच्या बैठकीत होते, आणि बैठक लांबली की अर्ज पडून राहतो. मंजूर झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला. सर्टिफिकेट तात्पुरतं असेल तर मुदत संपायच्या तीन-चार महिने आधीच परत नंबर लावा, आमची मुदत २०२५ मध्ये संपली, बोर्डाची तारीख उशिरा मिळाली आणि तीन महिने पैसे थांबले. आता कायमचं मिळालंय, ५५ टक्केच.

आणि अंगठा. पैसे आता थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात, ते चांगलंच आहे, मधला माणूस गेला. पण त्यासाठी केवायसी, म्हणजे ओळख पटवायला गेलो तेव्हा केंद्रावरचा मुलगा म्हणाला उजवा अंगठा लावा. मिस्टरांची मूठ उघडेना. त्या पोराने घाईत ओढली, मिस्टर कळवळले, मग मी खुर्चीशेजारी खाली बसून एकेक बोट सोडवलं, करंगळीपासून, जसं रोज सकाळी तेल लावून सोडवते तसं. अंगठा मशीनवर टेकवला तर वाचेना, कारण वर्षानुवर्षं सुताने घासून रेषा गेलेल्या आणि वरून घाम. पाच वेळा लाल दिवा. मागे रांगेतली माणसं चुळबुळ करायला लागली, मिस्टरांनी मान खाली घातली. शेवटी डावा लावला, तो वाचला. डावा चालतो, डोळे चालतात, आता काही ठिकाणी मोबाईलवर चेहरा पण चालतो, हे केंद्रावरच्या मुलांना आधी शिकवून ठेवा हो. कुणाचाही हात जोराने उघडायचा नसतो, दुखतं.

वर म्हटलं ना की काम होतंय का हे कुणी विचारत नाही, ते एका ठिकाणी मात्र विचारतात, आणि नेमकं तेच आमच्या लोकांना माहीत नसतं. ज्यांचा पीएफ कापला जातो त्यांना १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना असते. त्यात नोकरीत असताना कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं तर पेन्शन आहे, त्याला दहा वर्षं नोकरीची अट नाही, एक महिन्याचा हप्ता भरलेला असला तरी चालतो. आणि पूर्ण अपंगत्व म्हणजे काय तर अपंगत्व आलं तेव्हा तो माणूस जी कामं करू शकत होता त्यातलं आता कुठलंच करू शकत नाही, मग ते कारखान्यात झालेलं असो की बाहेर. किती साधं आणि खरं लिहिलंय! बोर्ड तपासतं, फॉर्म १०-डी भरायचा. पेन्शन कमीत कमी १००० रुपये आहे, २०१४ पासून तेवढीच, ती वाढायला हवी हे वेगळं. पण आमच्या ओळखीतल्या सूतगिरणीतल्या एका भाऊंना पाठीच्या मणक्याचा त्रास होऊन दोन्ही पाय गेले, त्यांनी नोकरी सोडली, फंड काढला आणि सोबत पेन्शनचेही पैसे उचलून टाकले कारण दवाखान्याचं बिल होतं आणि कुणी सांगितलं नाही. एकदा ते उचलले की पेन्शन संपली. फंडाचा फॉर्म भरायच्या आधी दोन दिवस थांबून हे विचारून घ्या.

तसंच ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं. पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि पगारातून ईएसआय कापत असतील तर साध्या आजाराला वर्षात ९१ दिवस ७० टक्के मजुरी मिळते, आणि ३४ मोठ्या आजारांची एक यादी आहे, त्यातल्या आजाराला ८० टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत, नोकरीची आणि हप्त्यांची काही अट आहे. पक्षाघात त्या यादीत आहे. हे वाचलं तेव्हा मी रात्रभर झोपले नाही. कारण ईएसआय साधारण दहा किंवा जास्त कामगार असतील तिथं लागू होतो आणि आमच्या शेडात आठ जण. दोन माणसं जास्त असती तर दोन वर्षं घरात पगार आला असता. मालकाने जमेल तेवढं केलं, दोन महिने घरी पैसे पाठवले, त्या माणसाला मी बोल लावत नाही. पण गावातल्या एवढ्या मागवाल्यांना, जे लहान लहान शेडांत विखुरलेत, त्यांना यातलं काहीच नाही, आणि पक्षाघात काही शेडातली माणसं मोजून येत नाही.

कामावर असताना अपघात झाला तर नुकसानभरपाई १९२३ च्या कायद्यापासून आहे, त्यातही कमाईची ताकद किती गेली हेच मोजायचं असतं. शंभर वर्षांपूर्वी सुचलेली गोष्ट आज पेन्शनच्या फॉर्ममध्ये यायला काय हरकत आहे?

बाकीचं थोडक्यात. बँकेतला २० रुपयांचा सुरक्षा विमा, प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना, खात्यावर चालू ठेवा, अपघातात दोन्ही हात किंवा दोन्ही पाय किंवा दोन्ही डोळे गेले तर २ लाख, एक गेला तर १ लाख. तो फक्त अपघाताला आहे, पक्षाघाताला नाही, आम्ही विचारून आलो. शेतकरी कुटुंबाला गोपीनाथ मुंडे अपघात योजना आहे, रक्कम साधारण तशीच, अर्ज मात्र लवकर करा, कृषी खात्याकडे. मुलाला स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व असेल तर निरामय आरोग्य विमा आहे १ लाखाचा. एसटीत ४० टक्क्यांच्या वर ७५ टक्के सवलत. आणि ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांनी आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, तो कुठं गेला हे ग्रामसभेत उठून विचारा, लेखी विचारा. आमच्या मावसबहिणीच्या गावात चार बायकांनी विचारलं तर त्याच वर्षी दिव्यांगांच्या खात्यावर पैसे जमा झाले, आधी कुणी विचारलंच नव्हतं म्हणे.

माझं मागणं जास्त नाही. उत्पन्नाची मर्यादा लाडकी बहीणसारखी अडीच लाख करा, आणि सांभाळणाऱ्या बाईची शिवणाची, धुणीभांड्याची कमाई त्यात धरू नका, कारण ती कमाई दिव्यांगाच्या औषधालाच जाते. बोर्डाच्या कागदावर टक्क्यांच्या शेजारी एक ओळ वाढवा, पूर्वी काय काम करत होता आणि ते आता होतं का, हो किंवा नाही. ज्याचं नाही येईल त्याला ८० टक्क्यांची अट लावू नका. पोलिओ झालेला माणूस ६० टक्के असून बँकेत छान नोकरी करतो, त्याला सवलती मिळाव्यात, त्याचा हक्क आहे, त्याच्या ताटातलं आम्हाला नको. पण ५५ टक्क्यांचा मागवाला काम करू शकत नाही हे पण तेवढंच खरं आहे. आणि जी माणसं उठूच शकत नाहीत त्यांच्या घरी कुणीतरी या, चादरीच्या झोळीतून माणूस बोर्डासमोर आणायला लावणं बघवत नाही.

तुमच्याकडे एक मागते. तुमच्या पेपरात तालुक्याच्या पानावर लाईट जाण्याच्या, पाणी न येण्याच्या वेळा छापता, तसं संजय गांधी समितीची बैठक कधी आहे आणि दिव्यांग बोर्ड कुठल्या हॉस्पिटलला कुठल्या वारी बसतं एवढं दर महिन्याला छापाल का? चार ओळींची जागा लागेल. माझ्याकडे येणारी माणसं सगळ्यात आधी हेच विचारतात, आणि दर वेळी मला कुणाला तरी फोन लावून चौकशी करावी लागते.

कळावे,
आपली एक नियमित वाचक
(मिस्टरांना विचारून लिहिलंय, पण नाव आणि गाव छापू नये ही विनंती.)